बहिरे पिल्लू घरात आले तर...

आपल्या वस्त्यांत कुत्रे सहसा कुणी विकत आणत नाही. ते आपोआप येते. एखादी कुत्री जिन्याखाली, नाहीतर गटारावरच्या फळीखाली विते. पोरे दूध-पाव घेऊन धावतात. महिना-दीड महिन्यात पाच-सहा पिलांतली दोन-तीनच उरतात आणि त्यांतले एखादे आपल्या उंबऱ्याशी येऊन बसते. घरातली मोठी माणसे आधी हाकलतात, मग शिळी भाकर टाकतात आणि ते घरचे कधी झाले हे कुणालाच कळत नाही.

असे घरचे झालेले पिल्लू बहिरे निघाले तर काय करावे, हे आज आम्ही सांगणार आहोत. विषय लहान वाटेल, पण त्या जिवाच्या दृष्टीने तो जगण्या-मरण्याचा आहे. बहिरे पिल्लू बहुधा ओळखलेच जात नाही. ‘हाका मारून घसा बसला तरी येत नाही, माजलेय’ असे म्हणून त्याला मार बसतो. रिक्षाचा हॉर्न ऐकू न आल्याने ते चाकाखाली जाते. नाहीतर एके रात्री पोत्यात घालून त्याला कुठेतरी लांब सोडून दिले जाते. ते हट्टी नसते आणि मंदही नसते. त्याला ऐकू येत नसते, एवढेच.

आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत असे एक कुत्रे गेली सहा वर्षे नांदते आहे. अंगाने पांढरे, एका कानावर तपकिरी ठिपका. पोरांनी त्याचे नाव मोती ठेवले. शेजारच्या मावशी म्हणाल्या, “अहो, ज्याला ऐकूच येत नाही त्याला नाव कशाला?” पोरांनी उत्तर दिले, “नाव आपल्यासाठी, मावशी. त्याच्यासाठी खूण आहे.” तेव्हापासून दोन बोटे कानाला लावली की मोती समजतो, आपल्याला बोलावले.

बहिरेपण येते कुठून?

ग्रहणात जन्मले, नजर लागली, कुणाचे पाप भोवले, असे काहीबाही बोलले जाते. त्यात काही तथ्य नाही. कारण शरीरात आहे आणि ते समजण्यासारखे आहे.

कातडीला आणि केसांना रंग देणाऱ्या पेशी कानाच्या आतल्या भागातही असतात. आवाज टिपणाऱ्या नाजूक पेशी जगाव्यात यासाठी लागणारा द्रव टिकवून ठेवण्याचे काम त्या तिथे करतात. अंगावर पांढरा रंग आणणारी आनुवंशिक घडण ज्या पिलांत असते, त्यांच्यापैकी काहींच्या आतल्या कानात या रंगपेशी नसतात. मग जन्मानंतर तीन-चार आठवड्यांत आवाज टिपणाऱ्या पेशी मरून जातात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. म्हणून अशा जन्मजात बहिरेपणावर औषध नाही. कानात गरम तेल, लसणाचा रस किंवा झाडपाल्याचा अर्क ओतू नये. त्याने बरे काही होत नाही, उलट कान भाजतो, पिकतो.

काळ्या ठिपक्यांच्या डालमेशियन जातीत हा दोष फार आढळतो. अमेरिकेत या जातीची हजारो कुत्री तपासली गेली, तेव्हा शंभरातली सुमारे आठ दोन्ही कानांनी आणि बावीस एका कानाने बहिरी निघाली. निळ्या डोळ्यांच्या कुत्र्यांतही हे प्रमाण जास्त असते. याचा अर्थ प्रत्येक पांढरे कुत्रे बहिरे असते असा मात्र नाही. बहुतेकांना व्यवस्थित ऐकू येते.

बहिरेपणाची दुसरी कारणेही आहेत. कान पिकणे, कानात मळ किंवा किडे होणे, काही औषधांचा दुष्परिणाम, म्हातारपण. कानाला घाण वास येत असेल, कुत्रे सारखे डोके झटकत असेल किंवा कान खाजवत असेल, तर ते डॉक्टरांना दाखवावे. असा दोष वेळीच उपचार केले तर बरा होऊ शकतो.

ओळखायचे कसे?

पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे डोळे आणि कान दोन्ही बंद असतात. कान साधारण दोन आठवड्यांनी उघडतात. म्हणून पिल्लू पाच-सहा आठवड्यांचे होईपर्यंत निष्कर्ष काढू नये.

त्यानंतर काही गोष्टी लक्षात येऊ लागतात. बाकीची पिल्ले ताटलीच्या आवाजाने उठून धावतात आणि हे एकटेच झोपून राहते. कुकरच्या शिटीला कान हलत नाही. खेळताना हे भावंडांना जोरात चावते, कारण त्यांचे केकाटणे त्याला ऐकू येत नाही. भुंकते तेही चढ्या आवाजात.

घरच्या घरी चाचणी अशी करावी. पिल्लू एकटे, गाढ झोपलेले असावे. भावंडे जवळ असली तर ते त्यांच्याकडे पाहून उठते आणि आपली फसगत होते. एकाने त्याच्या पाठीमागे चार-पाच हात लांब उभे राहून पातेल्यावर पळी वाजवावी. पाय आपटू नये, कारण जमिनीचा हादरा त्याला कळतो. वारा लागू देऊ नये, सावली पडू देऊ नये. दोन-तीन दिवस, वेगवेगळ्या वेळी हे करून पाहावे. दर वेळी काहीच हालचाल झाली नाही, तर दोन्ही कानांनी ऐकू येत नाही असे धरून चालावे. एकाच कानाने बहिरे असलेले पिल्लू असे सापडत नाही. ते आवाजाला दचकते, पण आवाज कुठून आला हे न कळून भलतीकडे पाहते. त्याला विशेष वेगळे सांभाळावे लागत नाही. मेंदूपर्यंत आवाज पोचतो की नाही हे मोजणारे यंत्र असते, पण ते मोठ्या ठिकाणीच मिळायचे. सांभाळ सुरू करायला घरची चाचणी पुरेशी आहे.

हाताची भाषा

कुत्रा हा माणसाच्या हाताकडे आणि तोंडाकडे पाहणारा प्राणी आहे. आपण बोट दाखवले की तिकडे बघण्याची समज लहान पिलांतही असते. बहिऱ्या पिलाला शिकवायचे ते याच बळावर.

पहिला धडा एकच, त्याने आपल्याकडे पाहावे. ते आपण होऊन आपल्या तोंडाकडे पाहील तेव्हा लगेच भाकरीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यावा. आठवडाभरात ते दर थोड्या वेळाने वळून आपल्याकडे पाहू लागते. हे जमले की निम्मे काम झाले.

पुढच्या खुणा सोप्या ठेवाव्यात. अंगठा वर म्हणजे ‘शाब्बास’. पालथा पंजा खाली दाबला की ‘बस’. पंजा समोर उभा धरला की ‘थांब’. हात छातीकडे ओढला की ‘ये’. बोट आडवे हलवले की ‘नाही’. खुणा एका हाताने करता येतील अशा असाव्यात, कारण दुसऱ्या हातात साखळी किंवा पाण्याची कळशी असते. महत्त्वाचे म्हणजे घरातल्या सगळ्यांनी एकच खूण वापरावी. आजीची ‘ये’ वेगळी आणि पोराची वेगळी असली तर पिल्लू गोंधळते. आम्ही खुणांची चित्रे पोरांकडून काढून घेतली आणि भिंतीवर चिकटवली. शिकवणी पाच मिनिटांची असावी, दिवसातून तीन-चार वेळा. रात्री बोलवायचे असेल तर बॅटरी दोनदा उघड-मीट करावी. मात्र उजेडाचा ठिपका फिरवून त्याला पळवू नये, काही कुत्र्यांना त्या ठिपक्याचे वेड लागते.

आणि एक नियम कधीही मोडू नये. ज्या हाताने बोलायचे त्या हाताने मारायचे नाही. ऐकणारे कुत्रे मार खाऊनही मालकाच्या आवाजाने परत जवळ येते. बहिऱ्याजवळ आपला हात एवढेच आहे. एकदा त्याला हाताची भीती बसली की आपली सगळी भाषाच संपली.

झोपेतून उठवताना

खरा धोका इथे आहे. झोपलेल्या बहिऱ्या कुत्र्याला कुणी एकदम हात लावला तर ते दचकून चावू शकते. आमच्या चाळीतही असे घडले. गॅलरीत झोपलेल्या मोतीच्या शेपटीवर धावत्या पोराचा पाय पडला आणि त्याने पोटरीला दात लावले. चाळीची बैठक बसली. “कुत्रे सोडून या” असे चौघे म्हणाले. पोराची आई रडत होती आणि तिचे म्हणणे वाजवी होते. पोर आधी की कुत्रे आधी, या प्रश्नाला एकच उत्तर आहे.

पोराला त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन सुया सुरू केल्या, आणि बैठकीत आम्ही तीन गोष्टी कबूल केल्या. कुत्रे गॅलरीत झोपणार नाही, घरात खाटेखाली त्याची जागा राहील. बाहेर पडेल तेव्हा साखळीला बांधलेले असेल. आणि चाळीतल्या प्रत्येक पोराला त्याला उठवायची रीत शिकवली जाईल. रीत अशी: आधी त्याच्या नाकाशी हात धरावा म्हणजे वास जातो, मग खांद्याला हलकेच बोट लावावे, डोळे उघडताच तुकडा द्यावा. रोज असे केले की अंगाला हात लागणे म्हणजे काहीतरी चांगले, हे त्याच्या मनात बसते. ते पोर आज सगळ्यांत छान खुणा करते. तरी लहान मूल आणि कुत्रे यांना एकटे सोडू नये, मग कुत्रे बहिरे असो वा नसो.

कुत्र्याचा दात लागला, ओरखडा उठला, तर कुत्रे घरचे आहे, लस टोचलेले आहे, असे म्हणून थांबू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात जावे. हळद, तिखट, चुना लावू नये. मांत्रिकाकडे जाऊ नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. लसीच्या सगळ्या सुया वेळेवर घेणे हाच उपाय.

रस्ता, दिवाळी आणि पोट

बहिरे कुत्रे रस्त्यावर मोकळे सोडू नये. मागून येणारी गाडी त्याला कळत नाही. गळ्यात पट्टा असावा, पट्ट्यावर ‘बहिरा आहे’ असे लिहून खाली आपला फोन नंबर द्यावा. एक घुंगरू बांधावे. ते त्याच्यासाठी नव्हे, आपल्यासाठी. कुठे गेला ते कळते. दिवाळीत इतर कुत्री खाटेखाली थरथरत असतात तेव्हा हा निवांत घोरत असतो. पण पेटलेला फटाका शेजारी असला तरी तो बाजूला होत नाही, म्हणून त्या दिवसांत त्याला आतच ठेवावे.

बाकीची निगा चारचौघांसारखीच. आईपासून पिल्लू शक्यतो आठ आठवड्यांच्या आत तोडू नये. जंताचे औषध डॉक्टरांना विचारून द्यावे. सहा ते आठ आठवड्यांचे असताना डिस्टेंपर आणि पार्व्होची पहिली लस, पुढे त्याचे पुढचे डोस, आणि तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. मुंबईत परळला जनावरांचे जुने रुग्णालय आहे. शहरात महापालिकेचा परवानाही काढावा. नुसत्या दुधावर पिल्लू ठेवले तर अनेकदा हगवण लागते. भात-भाकरीबरोबर उकडलेले अंडे किंवा हाडे काढलेले मटण-कोंबडीचे तुकडे द्यावेत. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षे, मनुका देऊ नयेत. शिजलेली हाडे टोकदार फुटतात आणि आतड्यात रुततात. वयात येताच नसबंदी करून घ्यावी, कारण जन्मजात बहिरेपण पुढच्या पिढीत उतरू शकते.

घ्यावे की नाही?

दिवसभर घराला कुलूप असेल, सांभाळणारे कुणीच नसेल, लसीचे पैसे काढणे जमणार नसेल, तर भावनेच्या भरात पिल्लू घेऊ नये. ज्याला जमेल अशा घरी ते द्यावे, देताना ‘बहिरे आहे’ हे स्पष्ट सांगावे. कुत्रे बारा-चौदा वर्षे जगते, हा विचार आधी करावा. पण घरात कुणीतरी असते, पोरांना शिकवायची हौस आहे, चार दिवस धीर धरायची तयारी आहे, तर केवळ बहिरे म्हणून त्याला टाकू नये. परदेशात काही जातींची पैदास करणारे लोक बहिरी पिल्ले सरळ मारून टाकीत. आता तिथेच हजारो घरांत अशी कुत्री खुणांवर चालतात.

प्राण्याला उपाशी मरायला सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. आपल्या संविधानात १९७६ साली आलेल्या कलम ५१-क मध्ये प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून नोंदले आहे.

तुमच्या जिन्याखाली या वर्षी कुत्री व्याली असेल आणि एखादे पिल्लू हाकेला येत नसेल, तर त्याच्यावर काठी उगारण्याआधी ते झोपले असताना मागे उभे राहून एकदा पातेले वाजवून पाहा. नाही उठले, तर पोरांना बोलवा आणि पहिली खूण ठरवा.