काळ्या काचेमागचा समुद्र

गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५६-५७ च्या सुमारास काढलेल्या समुद्रचित्रांनी लोक थक्क झाले, कारण त्यांत लाट लाटेसारखी दिसत होती. एरवी कॅमेऱ्याला समुद्र म्हणजे एक पांढुरका, सपाट पट्टा. चित्र जिच्यावर उमटे ती ओल्या कलोडियनचा लेप दिलेली काच त्या काळी जलद मानली जाई, तरी फुटती लाट टिपणे तिला जड जाई. शिवाय निळ्या प्रकाशाला ती इतकी हळवी, की पाणी नीट यावे तर आकाश जळून कोरे. म्हणून ल ग्रे अनेकदा आकाशाची काच वेगळी घेई, समुद्राची वेगळी, आणि दोन्ही एकाच कागदावर छापी. सेत इथल्या त्याच्या प्रचंड लाटेचे चित्र १९९९ साली लंडनच्या लिलावात पाच लाख पौंडांच्या वर गेले.

आता गंगा उलटी वाहते आहे. पाण्याचा थेंब न् थेंब गोठवणारे कॅमेरे खिशात असताना काही माणसे पैसे मोजून भिंगापुढे काळी काच लावतात आणि ल ग्रेला नकोसा असलेला तोच सपाट समुद्र मुद्दाम परत आणतात. कृष्णधवल, दीर्घ उद्भासनाच्या (म्हणजे शटर बराच वेळ उघडे ठेवून केलेल्या) समुद्रचित्रणाचे सारे इंगित या उलट्या हट्टात आहे.

ती काच म्हणजे एनडी फिल्टर. एक ‘स्टॉप’ म्हणजे प्रकाश निम्मा. दहा स्टॉपचा फिल्टर तो दहा वेळा निम्मा करतो, म्हणजे हजारातला एक भाग आत येतो. जिथे सेकंदाचा तिसावा भाग पुरला असता तिथे मग अर्ध्या मिनिटाहून अधिक काळ शटर उघडे ठेवावे लागते. काचेतून डोळ्याला जवळजवळ काही दिसत नाही, त्यामुळे चौकट आधी ठरवायची, फोकस आधी साधायचा, तो हलू नये म्हणून ऑटोफोकस बंद करायचा आणि मगच फिल्टर चढवायचा. ट्रायपॉडचे पाय ओल्या वाळूत दाबून रोवायचे, कारण ओसरणारी लाट पायाखालची वाळू घेऊन जाते. घरी आल्यावर ट्रायपॉड गोड्या पाण्याने धुवायचा. खारे पाणी कुणाची गय करत नाही.

वेळ किती द्यायचा, हा खरा कसबाचा भाग. अर्ध्या सेकंदात माघारी फिरणाऱ्या पाण्याच्या रेघा उमटतात. अर्ध्या मिनिटात धुके होते. चार मिनिटांत समुद्र काच होतो. हे धुके हवेत कुठेच नसते. खडकाच्या ज्या कोपऱ्यावर फेस वारंवार चढला तो कोपरा उजळ, जिथे क्वचित चढला तो करडा. पाणी कुठे किती वेळ होते याचा तो जमाखर्च असतो. चांगल्या चित्रात हा हिशेब वाचता येतो. सुमार चित्रात नुसता कापूस दिसतो, आणि सुमार चित्रेच फार.

या शैलीचा आजचा चेहरा म्हणजे मायकेल केन्ना. १९५३ साली इंग्लंडमधल्या विडनेस या कारखान्यांच्या गावी जन्मलेला हा माणूस हॅसलब्लाड कॅमेरा आणि फिल्म सोडायला तयार नाही. रात्रीची त्याची काही चित्रे तासन् तास चाललेली आहेत. छपाई तो स्वतः डार्करूममध्ये करतो, आणि तीही वीतभर चौरसाची; बघायला जवळ जावेच लागते. जपानमधल्या होक्काइदोच्या बर्फात आणि पाण्यात रोवलेल्या काठ्यांची त्याची चित्रे इतकी नकलली गेली, की पाण्यात काठी दिसली की हात शिवशिवणारे हौशी छायाचित्रकार आता सगळीकडे भेटतात. जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतोचे नाव याच ओळीत घेतात, पण ते जपून घ्यावे. १९८० पासून क्षितिजाने चौकट मधोमध कापणारे समुद्र तो टिपत आला. त्यांतल्या कित्येकांत बारीक लाटा स्पष्ट मोजता येतात.

फिल्मवर काम करणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण असते. लांब उद्भासनात फिल्म दमते. मीटरने तीस सेकंद सांगितले, तर इलफर्डच्या एचपी५ प्लस या फिल्मला प्रत्यक्षात ऐंशी-पंच्याऐंशी द्यावे लागतात. फुजीची अक्रॉस १०० मात्र दोन मिनिटांपर्यंत दमत नसे. ती २०१८ मध्ये बंद झाली तेव्हा या मंडळींत हळहळ झाली. पुढच्याच वर्षी अक्रॉस २ आली. डिजिटलला हे दुखणे नाही, पण सेन्सर तापून ठिपके येतात. ते पुसायला कॅमेरा तितकाच वेळ घेऊन एक काळे चित्र काढतो: चार मिनिटांच्या चित्राला आठ मिनिटे. रंग गाळण्यामागेही कलेइतकेच व्यवहाराचे कारण आहे. गडद फिल्टर बहुधा चित्राला निळी किंवा तपकिरी झाक देतात. कृष्णधवलात तो प्रश्नच उरत नाही.

कोकणात हे तंत्र जसेच्या तसे लागू पडत नाही. उत्तरेकडे संधिप्रकाश रेंगाळतो. आपल्याकडे सूर्य बुडाला की पाऊण तासाच्या आत काळोख. त्यातला कामाचा उजेड वीस-पंचवीस मिनिटांचा, म्हणजे आठ मिनिटांची तीनच चित्रे, आणि तीही उजेड मिनिटागणिक घटत असताना. हरिहरेश्वरचे कोरलेले कातळ किंवा डोल जाळ्यांसाठी समुद्रात रोवलेले खुंट या शैलीला आयते मिळतात. पण आपला किनारा रिकामा नसतो. होड्या ओढणारे, मासळी वाळत घालणारे, वाळूत क्रिकेट खेळणारे, सगळे चार मिनिटांत विरून जातात आणि खुंट तेवढे राहतात. छायाचित्रणाच्या जनकांपैकी एक असलेल्या दागेरने १८३८ मध्ये पॅरिसच्या वाहत्या रस्त्याचे चित्र काढले, त्यातही माणसे अशीच नाहीशी झाली. बूट पॉलिश करून घेत थांबलेला एकजण तेवढा उमटला. दागेरचा नाइलाज होता. आपण मात्र गजबजलेल्या किनाऱ्यालाही जपानी निर्जनता चिकटवतो, ते मला पटत नाही. जाळे विणत बसलेला कोळी चौकटीत राहू द्यावा. त्याचे हात पुसले जातील, पण बसलेला तो दिसेल.

आता फोनही हे करू पाहतात. २०१७ पासून आयफोन आपल्या तीन सेकंदांच्या हलत्या चित्रातल्या चौकटी एकमेकींत मिसळून पाणी मऊ करून देतो. धबधब्याला तेवढे पुरते. समुद्राला नाही: दूरवरून येणाऱ्या मोठ्या लाटांमध्ये दहा-बारा सेकंदांचे अंतर असते, आणि तीन सेकंदांत त्यांतली एकही पुरी होत नाही.