चटणीतलं पाणी कुणी उकळतं का?

पोट बिघडलं की आपण काल काय खाल्लं ते आठवतो. वडापाव, चिकन, लग्नातली बासुंदी. त्या जेवणात पाणी कुठलं होतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

२०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत जीबीएस, म्हणजे गुलेन बारी सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. पुढे संशयितांचा आकडा दोनशेच्या वर गेला. काहींना व्हेंटिलेटर लागला, काही जण दगावले. चिकनचं नाव पुढे आलं आणि कित्येक घरांनी चिकन बंद केलं. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, तेव्हा विहिरी, टँकर आणि नळाच्या पाण्याचीही तपासणी सुरू झाली.

हा जिवाणू कोंबड्या, पक्षी, गुरं यांच्या आतड्यात राहतो. विष्ठेतून तो बाहेर पडतो आणि पावसानं किंवा फुटक्या ड्रेनेजमधून विहिरीत, पाइपात शिरतो. पाणी स्वच्छ दिसतं, वासही येत नाही. जुलाब, ताप, पोटात कळ येते आणि बहुतेक जण आठवड्यात बरे होतात. फार थोड्यांच्या बाबतीत शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. तो जीबीएस. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

नीट शिजलेल्या चिकनमध्ये हा जिवाणू मरतो. धोका असतो कच्चं चिकन धुताना उडणाऱ्या शिंतोड्यांत, आणि त्याच विळीवर चिरलेल्या कांद्यात. पाण्याचंही तसंच. 'आम्ही उकळूनच पितो' असं आपण म्हणतो. मग चटणी वाटताना, कोथिंबीर धुताना, ताकात घालायला पाणी कुठलं घेतो? पिंपातलं! या पदार्थांना पुन्हा आच लागत नाही. आपले काही गट पोळी-भाजी केंद्र चालवतात, भीमथडी जत्रेत स्टॉल लावतात. तिथं बर्फ आणि चटणीचं पाणी हीच आमच्या मते सगळ्यात दुबळी जागा आहे. एका भांड्यातून शंभर माणसं खातात.

पाण्याला खळखळ उकळी येऊ द्या, झाकून गार करा, ओगराळ्यानं काढा. गॅस परवडत नसेल तर क्लोरीनचं औषध पाकिटावर लिहिलंय तेवढंच घाला आणि अर्धा तास थांबा. गढूळ पाणी आधी गाळून घ्या, नाहीतर औषधाचा जोर कमी पडतो. विहिरीत टीसीएल पावडर कधी टाकली, हे जलसुरक्षकाला विचारायला लाजू नका. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी महिलांना पाणी तपासायचं शिकवलंय. त्यातल्या जिवाणू तपासणीच्या बाटलीतलं पाणी एक-दोन दिवसांत काळं पडलं, तर ते पिऊ नका आणि बाटली घेऊनच ग्रामपंचायतीत जा.

आणि एक. जुलाब थांबल्यावर एक ते तीन आठवड्यांत पायांत मुंग्या आल्या, जिना चढवेना, चप्पल पायातून निसटू लागली, तर तो अशक्तपणा समजून घरी थांबू नका. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा आणि आधी जुलाब झाले होते हे डॉक्टरांना आठवणीनं सांगा.