हुगळीकांठचें श्रीरामपूर



श्रीरामपूर म्हटलें कीं आपल्यापुढें उंसाचे मळे आणि साखरेचे कारखाने उभे राहतात. आज मला ज्या श्रीरामपुराविषयीं बोलावयाचें आहे, तें बंगालमधलें. कलकत्त्याहून पंधराएक मैल वर, हुगळी नदीच्या पश्चिम तीरावरचें. १७५५ सालीं डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांनीं येथें वखार घातली आणि आपल्या राजाच्या नांवावरून गांवाला फ्रेडरिक्सनगर म्हणूं लागले. इंग्रज व फ्रेंच एकमेकांशीं झुंजत असतां या तटस्थ निशाणाखालीं कापडाचा व्यापार बरा चाले. परंतु गांवाचें नांव झालें तें कापडानें नव्हे, अक्षरांनीं.

कंपनी सरकार आपल्या मुलखांत मिशनऱ्यांस थारा देईना, म्हणून १८०० सालीं विल्यम कॅरे, मार्शमन व वॉर्ड हे तिघे येथें डेन्मार्कच्या आश्रयास राहिले आणि त्यांनीं छापखाना घातला. कॅरे पुढें कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेजांत मराठीहि शिकवीत असे. वैजनाथ पंडितांच्या साह्यानें त्यानें रचलेलें मराठीचें व्याकरण १८०५ सालीं याच छापखान्यांत निघालें, आणि १८१० सालीं मराठी-इंग्रजी कोश निघाला, तोहि मोडी अक्षरांत! मराठी मुलखापासून शेंकडों कोस दूर, जेथें मराठी बोलणारा माणूस क्वचित् दृष्टीस पडावा, तेथें आपली लिपि धातूंत ओतली गेली.

मीं पस्तीस वर्षें शाळेंत मराठी शिकविली. मुद्रणाचा विषय निघाला कीं फळ्यावर कॅरेसाहेबांचें नांव लिहीत असें. तीं अक्षरें घडविलीं कोणीं, हें मुलांना कधीं सांगितलें नाहीं. कारण मलाच तें ठाऊक नव्हतें. त्या कारागिराचें नांव पंचानन कर्मकार. जातीनें लोहार. १७७८ सालीं हुगळी येथें हालहेडचें बंगाली व्याकरण छापलें गेलें, तेव्हां चार्ल्स विल्किन्सच्या हाताखालीं त्यानें ही विद्या शिकून घेतली होती.

विद्या मोठ्या चिकाटीची. पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटें कोरावयाचें; हा ठसा. तो तांब्याच्या तुकड्यावर ठोकला कीं अक्षराचा खोलगट साचा उमटतो. त्या साच्यांत शिशाचा रस ओतला म्हणजे खिळा तयार. रोमन लिपीला थोडे ठसे पुरतात. आपल्या लिपीला कान्हा, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरें! देवनागरीच्या पुऱ्या संचास सुमारें सातशें ठसे लागतील, असा त्या वेळचा हिशेब होता. एक ठसा बिघडला तर पुन्हां कांडी घेऊन आरंभ करावा लागे. काम चालू असतांच पंचानन वारला. त्याचा जांवई मनोहर यानें तें पुढें सुमारें चाळीस वर्षें चालविलें. ख्रिस्ती धर्मग्रंथांचीं अक्षरें घडवितांना हा गृहस्थ स्वतः हिंदूच राहिला. देवाची मूर्ति जवळ ठेवून तो कामास बसे.

११ मार्च १८१२ च्या सायंकाळीं छापखान्यास आग लागली. कागद जळाला, हस्तलिखितें गेलीं, खिळे वितळून शिशाचे गोळे झाले. ठसे व साचे मात्र वांचले. तेंच शिसें पुन्हां ओतून कांहीं आठवड्यांतच छपाई सुरू झाली.

एका धंद्यानें दुसरा ओढून आणला. देशी कागदास तांदळाची खळ लावीत, म्हणून कसर व वाळवी त्यावर तुटून पडत. तेव्हां कीड न लागणारा कागद गांवांतच करूं लागले. त्या कारखान्याचें चाक आरंभीं माणसें पायांनीं फिरवीत, पाळीपाळीनें चाळीस माणसें. त्यांतला एक मजूर अपघातानें मेला, आणि मग वाफेच्या यंत्राचा विचार निघाला. १८२० सालीं इंग्लंडांतील बोल्टनहून बारा अश्वशक्तीचें यंत्र आलें. ‘आगीचें यंत्र’ पाहावयास लोकांची रीघ लागली. यंत्राच्या कर्त्यांचीं नांवें ग्रंथांत आढळतात; त्या मजुराचें मला कोठें आढळलें नाहीं.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतों. १८४५ सालीं डेन्मार्कनें श्रीरामपूर व दक्षिणेकडील तरंगंबाडी हीं कंपनीस साडेबारा लाखांना विकलीं. १८५४ सालीं हावडा-हुगळी रेल्वे गांवावरून गेली. दुसऱ्याच वर्षीं लगतच्या रिसडा गांवीं यंत्रावर ताग कातण्याची हिंदुस्थानांतील पहिली गिरणी निघाली. पूर्व बंगालचा ताग नदीनें येई, राणीगंजचा कोळसा येई, आणि तयार माल कलकत्त्याच्या बंदरांत उतरे. मग श्रीरामपुरासहि गिरण्या आल्या आणि दोन्ही तीरांवर धुराडीं उभीं राहिलीं. मोडीचे खिळे जुळविणारें गांव गोणपाट विणूं लागलें. १८१८ सालीं तिघां मिशनऱ्यांनीं काढलेलें कॉलेज मात्र त्याच नदीकांठीं अद्याप चालू आहे.