गळ्याला गाठ, पण ऑपरेशन हवंच का?

मंगळसूत्राचा हूक लावताना किंवा दाढी करताना आरशात गळ्याशी छोटासा उंचवटा दिसतो. घोट गिळला की तो वरखाली होतो. 'गाठ' म्हणताच घरातल्यांच्या मनात आधी कॅन्सर येतो, मग ऑपरेशन. मुलगी लग्नाची असेल तर गाठीपेक्षा गळ्यावर राहणाऱ्या वणाचीच काळजी जास्त केली जाते!

प्रत्यक्षात थायरॉइडच्या साधारण ९० ते ९५ टक्के गाठी साध्या असतात. त्यातल्या बऱ्याच गाठींना काहीच उपचार लागत नाहीत, ठरावीक काळाने सोनोग्राफी केली की पुरतं. आपण 'मला थायरॉइड आहे' म्हणतो ती हार्मोनची तक्रार वेगळी. गाठ असूनही टीएसएच अगदी नॉर्मल असू शकतं.

त्रास मात्र काही गाठी देतात. गिळताना अडकल्यासारखं वाटतं, गळ्यावर दाब येतो किंवा गाठ चारचौघांत दिसू लागते. अशा वेळी 'नुसतं बघत राहा' आणि 'कापून काढा' यांच्या मधलाही एक मार्ग आता उपलब्ध आहे.

आधी सुईची तपासणी

सोनोग्राफीत गाठीचा आकार आणि रूप पाहून डॉक्टर एफएनएसी सुचवतात. बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासल्या जातात. 'सुई टोचली की गाठ पसरते' या भीतीने अनेकजण ती टाळतात. या भीतीला आधार नाही, उलट तपासणी टाळण्यातच धोका आहे.

रिपोर्टवर 'बेथेस्डा' आणि पुढे १ ते ६ पैकी एक आकडा असतो. बेथेस्डा हे अमेरिकेतल्या एका गावाचं नाव, आजाराचं नव्हे. २ म्हणजे साधी गाठ. १ म्हणजे नमुना अपुरा, तपासणी पुन्हा करावी लागते. ५ किंवा ६ आलं तर बहुतेक वेळा ऑपरेशनच योग्य ठरतं. ३ आणि ४ मधल्या संशयाचे, तिथे घाई नको आणि दुर्लक्षही नको.

पाण्याची गाठ, भरीव गाठ

पाण्याने भरलेली गाठ नुसती रिकामी केली तर ती अनेकदा पुन्हा भरते. म्हणून पाणी काढून आत थोडं इथेनॉल, म्हणजे शुद्ध अल्कोहोल सोडतात. त्याने गाठीची आतली भिंत सुकते आणि गाठ आक्रसते.

भरीव गाठीसाठी रेडिओफ्रिक्वेन्सी अ‍ॅब्लेशन, म्हणजेच आरएफए आहे. गळ्याची तेवढीच जागा बधिर करतात. सोनोग्राफीत पाहत सुईसारखा इलेक्ट्रोड गाठीत नेतात आणि उष्णतेने एकेक भाग निकामी करत जातात. टाके नाहीत, बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. आवाजाची नस अगदी जवळ असल्याने डॉक्टर मध्येमध्ये रुग्णाशी बोलून आवाज तपासतात. लेझर आणि मायक्रोवेव्हचं तत्त्वही उष्णतेचंच.

गाठ मात्र त्याच दिवशी गायब होत नाही. ती महिनोन्‌महिने हळूहळू आटते, वर्षभरात बहुतेकींचा आकार निम्म्याहून कमी होतो. काही गाठी पुन्हा वाढतात, तेव्हा प्रक्रिया परत करावी लागू शकते. दुखणं, सूज, क्वचित आवाज घोगरा होणं हे धोकेही आहेत.

मोठा फायदा म्हणजे उरलेली ग्रंथी शाबूत राहते. पूर्ण ग्रंथी काढली तर रोज सकाळी थायरॉक्सिनची गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. अर्धी काढली तरी काहींना ती लागतेच.

कुणासाठी नाही?

गाठ छातीपर्यंत उतरली असेल किंवा कॅन्सरचा संशय असेल तर आरएफएचा हट्ट धरू नका. आणि त्रास न देणारी छोटी गाठ केवळ मशीन उपलब्ध आहे म्हणून जाळून घेण्यातही अर्थ नाही.

आरएफएपूर्वी साधारणपणे दोनदा सुईची तपासणी करून गाठ साधी असल्याची खात्री केली जाते. तुमची एकदाच झाली असेल तर दुसरीबद्दल विचारा. डॉक्टरांनी अशा किती प्रक्रिया केल्या आहेत, हेही बिनधास्त विचारा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर आधीच सांगा. ही सोय अजून मुख्यतः मोठ्या शहरांतच आहे, त्यामुळे तारीख घेण्यापूर्वी विमा कंपनीकडून खर्चाची मंजुरी लेखी घ्या.