गोधडीखाली बालकवी

अनसिंगला आमचं रेकॉर्डिंग रात्री साडेअकरानंतरच. पुसदकडच्या गाड्या कमी झाल्या की पंखा बंद करायचा, डोक्यावरून गोधडी घ्यायची (आवाज घुमत नाही!) आणि मोबाइलवर बालकवी वाचायचे. 'प', 'फ' म्हणताना फुंकर माइकवर आदळते, म्हणून फोन तोंडासमोर नाही, गालाच्या बाजूला धरायचा.

हे वेड लिब्रिव्हॉक्सचं. २००५ मध्ये ह्यू मॅकग्वायर यांनी कॅनडातून सुरू केलेला उपक्रम. स्वयंसेवक वाचतात, ऐकणाऱ्याला सगळं फुकट. एकच कविता अनेक जण आपापल्या आवाजात वाचतात, ते मला फार आवडतं. आपला वऱ्हाडी हेलही चालतो.

अट एकच, कविता स्वामित्वहक्कातून मोकळी हवी. भारतात कवीच्या निधनानंतरच्या जानेवारीपासून ६० वर्षं मोजतात. केशवसुत (निधन १९०५), बालकवी (१९१८), तांबे (१९४१) कधीच मोकळे झाले. बहिणाबाईंची गाणी त्यांच्या पश्चात १९५२ मध्ये छापली गेली, म्हणून हिशोब तिथून. लिब्रिव्हॉक्स मात्र अमेरिकी कायदा पाहतं, त्यामुळे इथे २०१७ पासून मोकळे असलेले मर्ढेकर तिथे अजून अडतात.

आधी एक मिनिटाची चाचणी पाठवायची असते. माझ्या पहिल्या प्रयत्नात शेवटच्या ओळीला गल्लीतलं कुत्रं भुंकलं. पुन्हा गोधडीत!