दुसऱ्यांदा कर्करोग झाला, तर रक्ताला काय विचारावे?

तुम्ही अहेरी, एटापल्ली किंवा भामरागडकडचे असाल, तर सिकलसेलची तपासणी तुम्हाला नवीन नाही. बोटातून रक्ताचा थेंब घेतात आणि दोष आहे की नाही ते पाहतात. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. हिमोग्लोबिन तयार करणाऱ्या जनुकातील अवघे एक अक्षर बदलले की हा दोष निर्माण होतो आणि तो आईवडिलांकडून मुलांत येतो. मग कर्करोगही असाच घराण्यातून येतो काय?

बहुतेक वेळा नाही. शंभर कर्करोगांपैकी सुमारे ५ ते १० आनुवंशिक दोषामुळे होतात. एकाच माणसाला दोनदा कर्करोग झाला, तरी लगेच वंशाला बोल लावू नये. खर्रा खाणाऱ्याच्या तोंडातील सगळेच अस्तर तंबाखूने पोळलेले असते. म्हणून एक गाठ बरी झाल्यावर दुसऱ्या जागी नवी गाठ येऊ शकते. तिथे दोष खर्ऱ्याचा!

पण समजा, एका बाईला अडतिसाव्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला आणि छेचाळिसाव्या वर्षी बीजकोशाचा. दुसरा पहिल्यातून पसरलेला नाही, स्वतंत्र आहे. तिच्या आत्यालाही तरुणपणीच स्तनाचा कर्करोग झाला होता. आता मात्र डॉक्टरांच्या मनात शंका येते. का बरे?

धानाच्या शेताचे उदाहरण घ्या. पाणी अडवायला एकामागे एक दोन बांध आहेत. दोन्ही फुटले तरच पाणी वाहून जाईल. आपल्या पेशीत डीएनएची दुरुस्ती करणारी जनुके असतात. त्यांच्याही दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. ज्याला एक बिघडलेली प्रत वारशाने मिळते, त्याच्या प्रत्येक पेशीत एक बांध जन्मापासूनच फुटलेला असतो. दुसरा फुटायला वेळ लागत नाही. म्हणून अशा माणसाला कर्करोग लवकर होतो आणि एकाहून अधिक ठिकाणी होऊ शकतो. दोन आघातांची ही कल्पना आल्फ्रेड नडसन यांनी १९७१ मध्ये मांडली. स्तन व बीजकोश यांच्याशी संबंधित बीआरसीए-१ हे जनुक १९९४ मध्ये हाती आले, बीआरसीए-२ पुढच्या वर्षी.

सिकलसेलचा आजार होण्यास दोन्ही प्रती सदोष असाव्या लागतात. इथे एका सदोष प्रतीनेही धोका वाढतो. आई किंवा वडील यांपैकी एकात दोष असेल, तर प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो वा मुलगी! म्हणूनच आत्याचा आजार वडिलांच्या बाजूने भाचीपर्यंत पोचू शकतो.

तपासणी कोणाची करावी? आधी रुग्णाची, कारण दोष सापडण्याची शक्यता तिथेच सर्वाधिक. रक्ताची नळी प्रयोगशाळेत पाठवून जनुकातील अक्षरे वाचतात. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रात अशी तपासणी व सल्ला देणारा विभाग आहे. उत्तरे तीन प्रकारची येतात: दोष सापडला, सापडला नाही, किंवा बदल दिसतो पण त्याचा अर्थ अजून कळलेला नाही. दोष नेमका कळला, की बहीण, भाऊ, मुले यांच्यात तेवढाच शोधायचा. ज्याच्यात तो नाही, त्याचा धोका इतर चारचौघांइतकाच.

ज्याच्यात आहे, त्याला कर्करोग झाला आहे असे नव्हे. आणि होईलच असेही नव्हे. पण त्याला पहारा ठेवता येतो. बीआरसीए दोष असलेल्या स्त्रीचे स्तन दरवर्षी एमआरआयने तपासतात. मुले झाल्यावर बीजकोश काढण्याचाही सल्ला देतात. आतड्याच्या आनुवंशिक कर्करोगात दर एक-दोन वर्षांनी दुर्बिणीतून आतडे पाहतात.

अमेरिकेत १८९५ मध्ये एका शिवणकाम करणाऱ्या बाईने डॉक्टर वॉर्थिन यांना सांगितले, की आमच्या घराण्यात सगळे कर्करोगानेच जातात, मीही तशीच जाईन. ती तशीच गेली. तिच्या घराण्यातील सदोष जनुक २००० मध्ये सापडले. आज त्या घराण्यातील माणसाला नशिबावर हवाला ठेवावा लागत नाही.

तुम्ही काय कराल? घरी आजी-आजोबांना विचारून तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढा. कोणाला कोणता कर्करोग, कोणत्या वयात झाला, ते लिहा. वर्गात दाखवू नका, ती घरची गोष्ट आहे. प्रौढपणी होणाऱ्या कर्करोगांसाठी मुलांची जनुक तपासणी सहसा अठराव्या वर्षापर्यंत करत नाहीत. पण घरातील रुग्णाच्या डॉक्टरांपुढे तो कागद ठेवला, तर त्यांना मोठी मदत होईल.