जिनातला आवाज आणि आपले कान

दिवाळी उलटली की आपल्या वऱ्हाडात कापसाच्या गाड्या जिनांकडे वळतात. अकोट घ्या, दर्यापूर घ्या, की धामणगाव. रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यांची घरघर रस्त्यावरूनच ऐकू येते. अकोल्याच्या डाळमिलांची तीच तऱ्हा. "यंत्र म्हटले की आवाज होणारच," असे म्हणून आपण विषय सोडून देतो. पण तो सोडण्यासारखा नाही. विस्तवाने बोट भाजले की आपण हात मागे घेतो. आवाज मात्र बहुधा दुखवीत नाही. गुपचूप कान घेऊन जातो.

कान जातो कसा, ते पाहू. कानाच्या आत, गोगलगाईच्या शंखासारख्या नळीत, सुमारे १५ हजार केसाळ पेशी असतात. आवाजाच्या लाटांनी त्या हलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. ज्वारीचे कोवळे रोप वाऱ्याने वाकले तर पुन्हा उभे राहते. त्यावरून रोज गाडीचे चाक गेले तर राहात नाही. या पेशींचेही तसेच आहे. पाळी संपल्यावर कान गुणगुणतात, सकाळपर्यंत बरे वाटते. पण हंगामामागून हंगाम हेच चालले की पेशी मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. गेलेले ऐकणे परत आणील असे औषध नाही. श्रवणयंत्राची मदत होते, इतकेच.

आधी जातात ते बारीक, उंच आवाज. पाखरांची चिवचिव जाते, मग 'स', 'श' अशी अक्षरे निसटतात, लेकरांचे बोलणे अस्पष्ट होते. बोलणे ऐकू येते, पण उमगत नाही. घरचे म्हणतात, "बाबा मुद्दामच लक्ष देत नाहीत." बाबांना वाटते, लोकच पुटपुटतात. बिचाऱ्याचा दोष काय? तर त्याने इमानाने काम केले.

मग धोका ओळखावा कसा? आवाज डेसिबेलने मोजतात. हे माप फसवे आहे. ३ डेसिबेल वाढले की आवाजाची शक्ती दुप्पट होते. म्हणून ८५ आणि ८८ यांतला फरक लहान समजू नका. आपल्याकडील कारखाना नियमांनी ८ तासांसाठी ९० डेसिबेलची मर्यादा घातली. पुष्कळ तज्ज्ञ मात्र ८५ लाच सावध व्हा म्हणतात. मापक हाताशी नसेल तर दोघांनी २ मीटर अंतरावर उभे राहून बोलावे. ओरडावे लागले तर तेथे सुमारे ८५ डेसिबेल आवाज आहे असे समजा. १ मीटरवरही ओरडावे लागले, तर तो ९० च्या घरात गेला. मोबाइलमधील मापकही अंदाज देतो, पण तो अंदाजच.

उपायाला क्रम आहे. पहिला उपाय यंत्राचा: वंगण द्या, झिजलेले बेअरिंग बदला, खडखडणारे पत्रे आवळा, पायाखाली रबर घाला. शेतातल्या मळणी यंत्राच्या इंजिनाचा सायलेन्सर निघाला असेल तर तो बसवा. दुसरा उपाय वाटेचा: मध्ये भिंत किंवा आडोसा घाला, माणूस दूर ठेवा. उघड्यावर अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबेलने उतरतो. तिसरा वेळेचा: एकाच माणसाला दिवसभर रेच्यापाशी न ठेवता कामे आलटून पालटून द्या. एवढे करूनही आवाज उरला, तर कानात घालायचे प्लग किंवा कान झाकणारे मफ द्या. ते नीट बसले पाहिजेत आणि आवाजात असेपर्यंत काढता कामा नयेत. आणि हो, कापसाच्या मुलखात राहून सांगतो, साध्या कापसाचा बोळा कानाचे रक्षण करीत नाही. तो फारच थोडा आवाज अडवतो आणि भरवसा मात्र मोठा देतो.

आवाजाने येणारे बहिरेपण १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात कळवण्याजोग्या व्यवसायजन्य रोगांत धरले गेले. २०२० च्या संहितेच्या यादीतही ते आहे. म्हणजे हा नशिबाचा भोग नव्हे, कामाचा रोग आहे. कामावर लागताना आणि पुढे दरवर्षी कान तपासून कागद जपून ठेवावा. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. तेथे दाखवता येते.

गुरुजनहो, ती २ मीटरची परीक्षा वर्गात मुलांना करून दाखवा. मुले ती घरी सांगतील, आणि ज्यांना ती सांगतील त्यांनाच तिची गरज आहे. मात्र उशीर नको. आज ऐकू येत आहे तोवरच ही गोष्ट सांगून उपयोग आहे.